लास्मिनीबाईंचा उशीर

वार्सितो चेलो वाजवत. क्रोंचोंग गाण्याच्या रीतीप्रमाणे ते गज वापरत नसत; बोटांनी तारा छेडून ढोलकीसारखा ठेका धरत. सोलो शहरात लास्मिनीबाई एकतीस वर्षं गायल्या त्या याच ठेक्यावर. त्या वारल्यावर त्यांच्या आयुष्यावर सिनेमा काढायचं ठरलं, त्याला आता अकरा वर्षं झाली.

एक निर्माता अर्ध्यातच निवडणुकीला उभा राहिला, दुसरा आजारी पडला, नायिका दोनदा बदलली. दर वेळी नवी मंडळी कामाच्या शुभारंभाला वार्सितोंच्या अंगणात पिवळ्या भाताची रास रचून आळीला जेवू घालत. शेजारचा सुरोतो म्हणे, "डोहाळजेवणं तीन झाली, बाळंतपण काही होईना."

पहिल्या पटकथेत वार्सितो बाईंचे प्रियकर होते, दुसरीत दारुडे, तिसरीत मध्यंतराआधीच वारलेले. त्यांनी सगळ्या हसून वाचल्या. त्यांच्या पत्नीने, तुमिनीने, पहिलीतली काही पानं मात्र पुन्हा वाचून घेतली.

चौथा दिग्दर्शक गिलांग. त्याने आधी गाणी ध्वनिमुद्रित करायला घेतली. नवी नायिका आयुन्दा स्वतः गाणार होती. बाई ठेक्याच्या किंचित मागून गात, तसंच तिने गाऊन पाहिलं. दुसऱ्या दिवशी गिलांगने तिचा आवाज यंत्रावर नेमका ठेक्यावर आणून बसवला. नाहीतर लोकांना ती चुकली असं वाटेल, असं त्याचं म्हणणं. वार्सितोंनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं, चेलोला गवसणी घातली आणि आपलं वाजवणं यात ठेवू नका, असं हळूच सांगितलं. काम पुन्हा थांबलं.

"एकोणऐंशी वय झालं तुमचं," तुमिनी म्हणाली. "अजून किती दिग्दर्शक पुरणार आहेत तुम्हाला?"

बाईंना पडद्यावर पाहण्यापुरतं तरी आयुष्य असावं, एवढंच वार्सितोंचं मागणं होतं आणि तेच आता त्यांच्या हातून निसटू पाहत होतं.

रविवारी आयुन्दा एकटीच आली. "आजोबा, बाई ठेक्यावर उशिरा का यायच्या?"

"ठेका मी धरलाय ना? मग तिने कशाला धरायचा? वाटेत भाजीवालीशी दोन शब्द बोलून आल्यासारखी यायची ती. येणार हे मला ठाऊक असायचं."

महिनाभर दर रविवारी ती येत राहिली. गाताना तिची घाई झाली की वार्सितो थांबत, चहाचा घोट घेत आणि पुन्हा सुरू करत. तिच्याच आग्रहावरून गिलांगने आणखी एकदा ध्वनिमुद्रण ठेवलं. पहिल्या ओळीला त्याने थांबवायला हात वर केला. आयुन्दाचे डोळे मिटलेले होते, वार्सितो त्याच्याकडे पाहतच नव्हते. दुसऱ्या कडव्यापर्यंत त्याचा हात खाली आला होता.

गाणं संपल्यावर यंत्रावरच्या माणसाने विचारलं, "आवाज ठेक्यावर सरकवू?"

"नको," गिलांग म्हणाला. "आहे तसाच राहू दे."

चित्रीकरणाची तारीख रोज्यांच्या महिन्यापलीकडे ढकलली गेली आहे. वार्सितोंनी नुसती मान डोलावली आणि आयुन्दाला पुढचं गाणं काढायला सांगितलं.