प्रसाद म्हणून दिलेला डबा

देवाचं नाव घेऊन आपल्या हातून कुणाचं वाईट होऊ शकतं, हे वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत माझ्या मनात कधी आलं नव्हतं. बालाघाटला आमच्या घरी दर गुरुवारी दत्ताचं भजन व्हायचं. पंधरावीस बायका यायच्या, मला ताई म्हणायच्या, आणि अडीअडचणीला माझा शब्द मानायच्या. तो मान मला आवडत होता. आज हे कबूल करायला संकोच वाटत नाही, पण तेव्हा मी त्याला सेवा म्हणत असे.

शोभा आमच्याच गल्लीतली. प्राथमिक शाळेत शिक्षिका, नवरा मलाजखंडच्या खाणीत नोकरीला, तो रविवारीच घरी यायचा. तिच्या छातीत गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन झालं, एक स्तन काढला, मग सलाईनमधून औषधं दिली, केस गेले आणि हळूहळू परतही आले. शेवटी डॉक्टरांनी रोज एक गोळी लिहून दिली आणि पाच वर्षं ती चुकवायची नाही असं बजावलं. त्याच सुमारास मी एका कंपनीचे शक्तीच्या पावडरचे डबे विकायला लागले होते. एक बाई दुसरीला सांगते, दुसरी तिसरीला, असा तो धंदा. अशक्तपणा जातो, रक्त शुद्ध होतं, असं आम्हाला कंपनीच्या बैठकीत शिकवलं होतं आणि मी त्यावर मनापासून विश्वास ठेवला होता. एका गुरुवारी मी एक डबा दत्ताच्या तसबिरीसमोर ठेवला, त्याला हळदकुंकू लावलं आणि भजन झाल्यावर सगळ्यांदेखत शोभाच्या ओटीत घातला. म्हणाले, "औषध नोको समजू, प्रसाद समजून घे." तिचे डोळे भरून आले. माझेही आले. कुणाला फसवते आहे असं मला क्षणभरसुद्धा वाटलं नाही, हे मी शपथेवर सांगते.

शोभा खरोखर सुधारली. चेहऱ्यावर तेज आलं, झोप लागायला लागली, शाळेत पुन्हा दिवसभर उभी राहून शिकवायला लागली. कंपनीचा गोंदियाला मोठा मेळावा ठरला तेव्हा वरच्या साहेबांनी मला निरोप पाठवला की तुमच्या त्या कॅन्सरवाल्या बाईंना घेऊन या, स्टेजवर दोन शब्द बोलू द्या. मी हिंदीत चार वाक्यं कागदावर लिहून शोभाला दिली. ती मुखदुर्बळ बाई, पण मला नाही म्हणाली नाही.

सकाळच्या बसने आम्ही निघालो. खिडकीशी शोभा, शेजारी मी. राजेगावला बस थांबली तेव्हा एक पन्नाशी उलटलेली, शेतात राबणारी दिसावी अशी बाई चढली आणि आमच्याच बाकावर मला सरकवून टेकली. टाचा भेगाळलेल्या, हातात कापडी पिशवी. शोभा कागद बघून पुटपुटत होती, "मुझे कैंसर था. आज मैं बिल्कुल ठीक हूँ." तिचा दुसरा हात मांडीवर होता. ऑपरेशन झालेल्या बाजूचा तो हात नेहमी थोडा सुजलेला असे. त्या बाईने हाताकडे पाहिलं, मग शोभाकडे.

"काहून वो बाई, तुह्यंबी छातीचं ऑपरेशन झालं काय?"

शोभाने मान हलवली. बाईने पदराखाली स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "माह्यंबी एक नाही. चौथं वर्ष लागलं. आज तपासणीलेच चालली नागपूरले." आणि मग, गावाकडची बाई पीकपाणी विचारते तितक्या सहज तिने विचारलं, "गोळी खातं ना रोजची?"

"नाही," शोभा म्हणाली. "गोळी तर मी कधीचीच सोडली. आठ महिने झाले. अंगाची लई आग होत होती त्या गोळीनं. आता ताई प्रसाद देते ना. प्रसादासोबत गोळी खाल्ली तर देवावर शंका घेतल्यासारखं होते."

मी जे ऐकलं ते मला आधी कळलंच नाही. शब्द कानात गेले आणि तिथेच थांबले. गोळी सोड असं मी कधीही म्हटलं नव्हतं. म्हणायची गरजच पडली नव्हती. 'औषध नोको समजू' हे माझेच शब्द होते, आणि तिने ते जसेच्या तसे धरले होते. आठ महिने ती दर गुरुवारी माझ्यासमोर बसून टाळ वाजवत होती, आणि गोळी घेतेस का एवढं मी एकदाही विचारलं नव्हतं.

"शोभा, मले सांगितलं काहून नाही?" एवढंच तोंडातून निघालं.

"तुले तर माहीत असंन असं वाटलं," ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

ती बाई माझ्यावरून शोभाकडे वाकली. मग म्हणाली, "माह्या जावेलेबी हेच दुखनं होतं. तिले कोनं भस्म देल्लं. ते भस्म चांगलं होतं का वाईट, मले नाही समजत. पन गोळी सुटली ना वो बाई. मागच्या पोळ्याले गेली." तिने शोभाचा तो सुजलेला हात आपल्या हातात घेतला आणि गोंदिया येईपर्यंत सोडला नाही.

गोंदियाच्या स्टँडवर उतरलो. आमच्या गटातल्या दोघी कंपनीचा बिल्ला लावून न्यायला आल्या होत्या. इथे मी काय केलं तेही लिहिलं पाहिजे. मी शोभाला म्हणाले, "कार्यक्रम आटपून घेऊ, दवाखान्यात उद्या जाऊ." एवढं ऐकून, एवढी हादरूनही मी हे म्हणाले. त्या बाईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग नव्हता, आश्चर्य होतं. "तुमी जा बाई तुमच्या कामाले," ती म्हणाली, "हिले मी घेऊन जाईन." आणि ती शोभाला धरून स्टेशनच्या रस्त्याने चालायलाही लागली. एक परकी बाई माझ्या मैत्रिणीला घेऊन पाठमोरी चालली होती आणि मी उभी होते. मग मी न्यायला आलेल्या त्या दोघींना काहीही न सांगता शोभाच्या मागे धावले.

नागपूरला, शोभाचं ऑपरेशन झालं होतं त्याच दवाखान्यात पोचलो तेव्हा तपासणीची वेळ संपत आली होती. आम्ही दोघी गांगरलेल्या. त्या बाईला तिथल्या खिडक्या, आया, जिने सगळे पाठ होते. तिने शोभाच्या नावाचा केसपेपर काढून आत नेऊन दिला, शोभाला बाकावर बसवलं, आणि स्वतःचा नंबर लागला तशी दुसऱ्या खोलीत गेली.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. आठ महिने, असं शोभा म्हणाली तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी शोभाची पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगितली. कॅल्शियमची बाटली बाजूला ठेवून म्हणाले, "ही घ्या, ही मीही दिली असती." मग माझा डबा उचलून बराच वेळ फिरवून वाचला. "यात काय काय आहे ते पूर्ण लिहिलेलंच नाही. जे मला ठाऊक नाही, ते तुमच्या गोळीबरोबर चालेल असं मी कसं म्हणू? बाई, बाहेरचं काही घेऊ नका असं माझं म्हणणं नाही. मला विचारून घ्या. आणि अंगाची आग होत होती तर ती मला सांगायची होती. त्यावर इलाज असतो." दर नव्या डब्याला मी कुंकू लावूनच देत असे, याही डब्यावर माझ्या बोटाचं ते कुंकू अजून होतं. ते बघवेना म्हणून मी खाली बघितलं.

तपासण्यांना दोन दिवस लागले. आम्ही शोभाच्या मावशीकडे राहिलो. एसटीडी बूथवरून मी तिच्या नवऱ्याला फोन केला आणि सगळं सांगितलं, माझा भाग धरून. त्या दोन दिवसांत मी नामस्मरणाला बसले की तोंडून नाव निघेना. कुठल्या तोंडाने मागू? शेवटी एवढंच म्हणाले, "मी तुझ्या नावावर माझंच म्हणणं खपवलं. आता तुला जे करायचं ते कर, फक्त तिला यात ओढू नकोस."

तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आज तरी कुठे काही दिसत नाही. पण गेलेले आठ महिने परत येत नाहीत. गोळी आजपासून सुरू." शोभा रडली. मी जिन्याच्या पायरीवर बसले.

ती बाई पहिल्याच दिवशी निघून गेली होती. तिने तिथल्या आयाबाईजवळ निरोप ठेवला होता, की बालाघाटच्या बायांना सांग, गोळी दवाखान्याच्याच दुकानात मिळते, बाहेर शोधत फिरू नका म्हणावं. घाईत आम्ही तिचं नाव विचारलं नव्हतं. पुढे मी राजेगावला दोनदा उतरून चौकशी केली, पण असं दुखणं बायका सांगत नाहीत, आणि नावाशिवाय कोण ओळखणार? दत्तगुरूच त्या रूपात आले, असं आमच्या भजनी मंडळातल्या बायका म्हणतात. मी त्यावर काही बोलत नाही. ती हाडामांसाची बाई होती, तिचं स्वतःचं दुखणं होतं, तिची जाऊ गेली होती. तरीही त्या सकाळी ती नेमक्या त्या बसला, नेमक्या त्या बाकावर आली, याबद्दल कुणाचे आभार मानायचे ते मला ठाऊक आहे.

परत आल्यावर मी आणखी चार घरी गेले, जिथे जिथे डबा दिला होता तिथे. बीपी, साखर, गुडघे, प्रत्येकीचं काही ना काही चालू होतं. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका, आणि माझ्या सांगण्यावरून तर मुळीच नको, असं दारात उभी राहून सांगितलं. एकीने विचारलं, "मंग प्रसाद काहून म्हटलं होतं, ताई?" मी पुढच्या घराकडे वळले. धंदा सुटला. काही बायका भजनाला यायच्या बंद झाल्या. मला ते योग्यच वाटलं.

शरण जाणं म्हणजे विचारणं सोडून देणं, असं मी समजत होते. आता वाटतं, शरण जाणाऱ्याने आधी आपलं शहाणपण खाली ठेवावं, म्हणजे ज्याच्याकडून जे यायचं ते येऊ शकतं, मग ते डॉक्टरांच्या लिहिलेल्या कागदावरून येवो की राजेगावच्या बाईच्या तोंडून.

शोभाची पाच वर्षं आणि वरचे आठ महिने पूर्ण झाले, त्या दिवशीही मी तिच्यासोबत होते. गोळी आता थांबवा, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर आल्यावर तिने माझा हात धरला. "ताई, तवा गोळी सोडली तर मीच होती. तू किती दिवस जीव जाळशील?" समोर रस्त्यापलीकडे देवीचं एक छोटंसं देऊळ होतं. आम्ही चपला काढल्या आणि आत गेलो. तिने डोकं टेकवलं, मीही टेकवलं. मागायला काही उरलं नव्हतं, आणि सांगायलाही नाही. पुजारी म्हणाला, "बाई, मागे लोक खोळंबलेत," तेव्हा कुठे आम्ही उठलो.