सर म्हणतात, ‘सवय आहे’

आमच्या क्लिनिकमध्ये एक नियम आहे. जनावराला ‘वाटलं’ असं म्हणायचं नाही. कुत्र्याला वाईट वाटलं, मांजराला राग आला, असं मालकांसमोर तर नाहीच, आपसातही बोलायचं नाही. जनावराला सवय असते. विषय संपला.

नियम सरांचा. सर मूळचे निपाणीचे, एचएसआर लेआउटमधले जुने कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर. काउंटरवर त्यांची मोठी बहीण, अक्का. पहिल्याच दिवशी अक्कांनी मला बजावलं, "पुट्टी, सरांना उलटं विचारायचं नाही." पुट्टी म्हणजे इथल्या कन्नडमध्ये छोकरी. मी डिग्री घेतलेली व्हेटर्नरी डॉक्टर आहे. तरी पुट्टी!

अशा जागी किस्से गोळा करावे लागत नाहीत. कपड्यांना केस चिकटतात तसे ते आपोआप घरी येतात. पण गेल्या महिन्यात या नियमापायी एका कुत्र्याचा जीव जायची वेळ आली. ते शेवटी सांगते. आधी नियम कसा चालतो ते ऐका.

•

नागपूरहून आलेल्या एका आयटीवाल्या जोडप्याने पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या दारातली कुत्री दत्तक घेतली. आठवड्याभरात क्लिनिकमध्ये हजर.

"डॉक्टर, ही बहिरी आहे. ये म्हटलं तर येत नाही, बस म्हटलं तर बसत नाही. हिंदीत, इंग्लिशमध्ये, सगळं करून पाहिलं."

मी कानात टॉर्च मारत होते. अक्का काउंटरवरून मान वर न करता म्हणाल्या, "बा इल्ली!"

कुत्री टेबलावरून उडी मारून थेट अक्कांच्या पायाशी.

"कूतको!"

बसली.

नवऱ्याने कुत्रीकडे पाहिलं, मग अक्कांकडे. मग हळूच म्हणाला, "मॅडम, इथे जवळपास कन्नडचे क्लास आहेत का?"

•

पेढा नावाचा एक बोका आहे. घरात कुणी सुटकेस काढली की तो लंगडतो. ट्रिप कॅन्सल झाली की पाय बरा. एक्स-रे क्लीन.

"कुठला पाय?" मी विचारलं.

"डावा," मालकीण म्हणाली.

पेढा टेबलावरून उतरला आणि उजवा पाय उचलून चालायला लागला. थोडं पुढे जाऊन थांबला, आमच्याकडे वळून पाहिलं आणि पाय बदलला.

मालकिणीच्या डोळ्यांत पाणी. "अगं बाई, आता दोन्ही गेले!"

•

सरांनी एकदा एसीमागचं कावळ्याचं घरटं काढून टाकलं. आत अंडी नव्हती, असं ते म्हणतात. तेव्हापासून तो कावळा फक्त सरांना टोच मारतो. सरांनी हेल्मेट घालून पाहिलं, मास्क लावून पाहिला. एकदा तर मला स्वतःचा एप्रन चढवून पुढे पाठवलं आणि आपण अक्कांची शाल डोक्यावरून घेऊन मागून आले. कावळा माझ्या डोक्यावरून गेला आणि शालीवर उतरला.

"सर, तो तुम्हाला ओळखतो."

"खुळ्यासारखं बोलू नकोस. पक्ष्याला माणसाचा चेहरा कळत नसतो," सर म्हणाले. भर उन्हात, छत्रीखालून.

•

एक आफ्रिकन पोपट खोकतो म्हणून आणला होता. सोबत सूनबाई आणि सासरे. छाती साफ, नाक साफ. मी म्हटलं, जरा वेळ ठेवून बघू. पोपटाने आधी ‘टिक’ असा आवाज काढला. लायटरचा. मग एक लांब, समाधानी श्वास सोडला. मग खोकला.

सूनबाईंनी सासऱ्यांकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही सोडली होती ना?"

"पक्ष्याला काय अक्कल असते?" सासरे म्हणाले.

"बरोबर," सर म्हणाले. "सवय आहे ती."

"तेच म्हणतेय मी, डॉक्टर," सूनबाई म्हणाल्या. "यांना आहे!"

•

आता मोत्याचं. म्हातारा गावठी कुत्रा. त्याचे मालक वारले आणि मोत्याने अन्न सोडलं. मुलगा इलेक्ट्रॉनिक सिटीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, त्याने आमच्याकडे आणून ठेवलं. चिकन, अंडं, दहीभात, महागडे डबे. मोत्या वास घ्यायचा आणि तोंड फिरवायचा. रिपोर्ट सगळे ठीक. नुसत्या सलाइनवर चालला होता. एका दुपारी मुलगा आला आणि म्हणाला, "डॉक्टर, सोडवा त्याला."

सोडवा म्हणजे शेवटचं इंजेक्शन.

सर म्हणाले, "उगाच हाल कशाला? माझं जेवण होऊ दे. पुट्टी, भरून ठेव."

सर केबिनचं दार उघडं ठेवून जेवतात. डबा ताटात वाढून घेतात, ताटाभोवती पाणी फिरवतात, बाजूला भाताची चार शितं ठेवतात, मग पहिला घास. तेही रोजच. त्या दिवशी सरांनी पाणी फिरवलं आणि मागच्या पिंजऱ्यात मोत्या उठून उभा राहिला. शेपटी हलत होती.

मी पिंजरा उघडून त्याची दहीभाताची वाटी फरशीवर ठेवली. सरांचा तांब्या उचलून वाटीभोवती पाणी फिरवलं. मोत्या बघत राहिला. मी बाजूला चार शितं ठेवली. त्याने मान खाली घातली आणि खायला लागला.

"हां, बाबा करायचे असं," मुलगा म्हणाला. "आधी स्वतःच्या ताटाला, मग त्याच्या."

"मग आधी सांगितलं का नाही?"

"त्यात काय सांगायचं?" त्याने घड्याळ पाहिलं. "पण हे रोज कोण करणार? माझ्या शिफ्ट असतात. आता आलोच आहे, तर उरकून टाकू."

सर घास हातात धरून म्हणाले, "मालक म्हणताहेत ना? सवय आहे त्याची. उद्या परत सोडेल खाणं. भर तू."

"सर, मग तुम्ही का फिरवता पाणी?"

"पुट्टी!" अक्का ओरडल्या. "सुम्मने, गप बस. सांगितलं तेवढं कर."

वाटी रिकामी झाली होती. मोत्याने वाटीची कडसुद्धा चाटून काढली. बाजूच्या चार शितांना मात्र तोंड लावलं नाही.

"मी भरणार नाही," मी म्हटलं. "त्याला धरणारही नाही. आणि तुम्ही भरून आणलंत, तर मी इथून हलणार नाही."

सर त्या शितांकडे बघत होते. मग त्यांनी स्वतःच्या ताटाकडे पाहिलं आणि हातातला घास खाली ठेवला. अक्का काउंटरमागून आल्या, तांब्या पुन्हा भरला आणि मोत्याच्या वाटीशेजारी ठेवला.