ट्रकच्या टपावरून दिसलेली कुस्ती

रामनगरच्या कुस्ती-मैदानात स्त्रियांनी येऊ नये असा नियम कुणी कधी लिहून ठेवला नव्हता. लिहिलेल्या नियमाविरुद्ध दाद मागता येते. न लिहिलेल्या नियमाशी वाद घालायला समोर कुणी सापडत नाही. देवकी गुंजीकर यांनी वाद घातला नाही. मैदानाच्या उगवतीच्या कडेला ट्रक उभे राहत, त्यांपैकी एकाच्या केबिनवर त्या चढल्या. पुढे चौदा वर्षे दर डिसेंबरात त्या तिथूनच कुस्त्या पाहत आणि त्यांची बातमी लिहीत.

ट्रक त्यांना परके नव्हते. वडील पुंडलिक यांचे बेळगाव-गोवा रस्त्यावर, रामनगरातच, टायर दुरुस्तीचे दुकान होते. मूळ घर खानापूर भागातले. मॅट्रिकपर्यंत शिकलेली देवकी दुकानात बसे आणि टायर निघेपर्यंत ड्रायव्हरांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. १९८४ च्या हिवाळ्यात बेळगावच्या एका मराठी दैनिकात रामनगरच्या कबड्डी सामन्याची बातमी आली. तीत हरलेला संघ जिंकलेला होता आणि जो खेळाडू त्या दिवशी तापाने घरी झोपून होता त्याने नऊ गडी बाद केले होते. देवकीने संपादकांना चार ओळींचे पत्र धाडले आणि खाली ‘दे. पुं. गुंजीकर’ अशी सही केली. उत्तर आले: ‘श्री. गुंजीकर यांस, आपणच यापुढे लिहीत जावे.’

“आता काय करशील?” वडिलांनी विचारले.

“लिहीन की.”

“आन् ते ‘श्री’?”

“त्यांनीच लिवलंय. राहू दे त्यांच्यापाशी.”

बातमीचे पाकीट बेळगावच्या बसमधल्या कंडक्टरच्या हाती द्यायचे. तिकडे स्टँडवर दैनिकाचा माणूस ते घेई. हे काम त्यांनी कसे केले हे सांगितल्याशिवाय त्यांचे मोठेपण कळणार नाही. पहिली गोष्ट, स्वतः पाहिलेले तेवढेच लिहायचे. कुणी कितीही खात्रीने सांगितले तरी त्या ‘असे सांगतात’ एवढेच लिहीत. दुसरी गोष्ट नावांची. डोंगरातल्या गावांतल्या सणांच्या बातम्या तोवर ‘स्त्रियांनी फुगड्या घातल्या’ या एका वाक्यात संपत. देवकी गुंजीकर अणशीला गेल्या, फुगडी संपेपर्यंत थांबल्या आणि अकराही जणींची नावे विचारून घेतली. त्यांतल्या केशर नावाच्या प्रौढ बाईने हात झटकले. “माझं नाव कागदावर कशाला गो? मी काय चोरी केली?” तोवर कागदावर नाव चढलेले तिने पाहिले होते ते जंगलखात्याने लाकूडफाट्यासाठी नोंदवलेल्या गुन्ह्यातच. देवकींनी तिला बातमी छापून आल्यावर दाखवायचे कबूल केले आणि दोन आठवड्यांनी, दोन बस बदलून, खरोखर नेऊन दाखवली.

पुढे दैनिकातली तालुक्याची जागा आक्रसत गेली. एका कुस्ती-मैदानाच्या दोन ओळी उरल्या, फुगड्यांची तर एकही नाही. १९९८ मध्ये वासू बेळगावहून आला. तो मूळ रामनगरचाच. बेळगावात तो संगणकाचे वर्ग चालवी आणि पुण्यात, गोव्यात, आखातात गेलेल्या आपल्या माणसांसाठी त्याने इंटरनेटवर गावाकडच्या बातम्यांचे एक पान सुरू केले होते.

“देवकीअक्का, हितं जागा कमी पडत न्हाई. किती लिवायचं ते लिव.”

“वाचतंय कोण?”

“मस्कतात वाचत्यात. ज्याच्याकडं आपला फाँट हाय त्याला वाचाय येतं. नसंल त्याला नुसत्या मुंग्या दिसत्यात.”

त्या एसटीडी बूथवरून मजकूर सांगत आणि तो पलीकडे टंकत असे. पानावर त्याने पहिल्यांदा पूर्ण नाव घातले: देवकी गुंजीकर. चौदा वर्षांत ते कुठेच छापले गेले नव्हते.

त्याच डिसेंबरातली शेवटची कुस्ती परशू आणि विठ्ठल यांच्यात लागली. परशू नंदिगड्डेकडच्या जंगलातल्या शेतकऱ्याचा मुलगा, खानापूरच्या तालमीत तयार झालेला. विठ्ठल रामनगरचाच, मैदान भरवणाऱ्या मंडळींच्या नात्यातला. पंच होते भिकाजी, पन्नाशी उलटलेले जुने पैलवान. अर्धा तास झुंज चालली. विठ्ठलने परशूला खाली घेतले. परशूने मानेवर भार घेऊन पाठ उचलून धरली. देवकींना ट्रकवरून पाठ आणि माती यांच्यामधला उजेड स्पष्ट दिसला. विठ्ठल अंगावरून आडवा फिरला. तो सरकला तेव्हा पुन्हा तसाच उजेड दिसला. एवढ्यात भिकाजींनी विठ्ठलचा हात वर केला.

मैदानात आरडाओरडा झाला. डोंगरातून आलेली माणसे उठली. “पाठ लागली न्हाई!” “पंच घरचाच!” परशू मात्र अंगाची माती झाडून, भिकाजींच्या पाया पडून निघून गेला.

देवकींनी त्या संध्याकाळी बूथवरून सांगितले: ‘परशूची पाठ जमिनीला लागली नाही. पंचांचा निर्णय चुकीचा आहे.’ वासूने ते जसेच्या तसे पानावर चढवले. दैनिकात पंचांचा निकाल दोन ओळींत आला; हे पान उघडून वाचणाऱ्यांचा आकडा मात्र आठवड्यात तिप्पट झाला. मस्कतहून, पुण्याहून निरोप येऊ लागले. मस्कतच्या एका गृहस्थाने लिहिले, ‘जंगलातल्या पोरावर झालेला अन्याय बोलून दाखवणारी एक तरी बाई निघाली.’ वासू फोनवर ते वाचून दाखवी. असा गौरव त्यांच्या वाट्याला यापूर्वी आलेला नव्हता. त्यात सुख वाटले असेल तर तो त्यांचा दोष नव्हे.

चौथ्या दिवशी भिकाजी टायरच्या दुकानात आले. बाकावर बसले नाहीत.

“पोरी, चौदा वर्सं तुला ट्रकावर बघतोय. कधी काय बोललो?”

“न्हाई, भिकाजीमामा.”

“मग माझ्या तोंडाला काळं कशापायी? ते पान पुसून टाक म्हणावं त्या वास्याला.”

“मी बघितलं ते लिवलं.”

“बाईमाणसाला डाव दिसतोय. पाठ दिसत न्हाई.”

“जवळ येऊ द्या की मग. पाठ बी दिसंल.”

 भिकाजी म्हणाले, “तुझं खोटं निघालं तर?”

“तर मीच तसं लिवीन. आन् मैदानाकडं फिरकणार न्हाई.”

“आप्पा, ऐकलंस न्हवं?” भिकाजी पुंडलिकांकडे वळले. पुंडलिक ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. “व्हय, ऐकलं,” ते म्हणाले, “मी साक्षीदार. आता बाजूला व्हा, उजेड अडतोय.”

देवकींनी काय पणाला लावले होते हे नीट समजून घेतले पाहिजे. प्रश्न एका निकालाचा नव्हता. बाईला कुस्ती कळत नाही, ही गावाची समजूत चौदा वर्षांच्या बिनचूक बातम्यांनीही हलली नव्हती. ती फक्त गप्प बसली होती. एक चूक सिद्ध झाली की तिला पुन्हा तोंड फुटणार होते.

जानेवारीत वासूने परशूची सविस्तर माहिती मागितली. वाचक विचारत होते. देवकी बसने गेल्या, पुढे चालत गेल्या. परशू खळ्यावर बैल फिरवत होता. त्याने मळणी थांबवली, पाणी दिले, गूळ दिला. त्याचे शिक्षण, तालीम, वस्ताद, सगळे लिहून झाल्यावर तो हसत म्हणाला, “आमच्या वाड्यावर सगळे सांगत्यात, तू इंटरनेटवर जिंकलास.”

“जिंकलासच की. पाठ कुठं लागली?”

परशूचे हसू मावळले. “अक्का, लागली हुती.”

“मी बघितलं, परशू. उजेड दिसत हुता.”

“आदी दिसला असंल. मागनंबी दिसला असंल. मधी विठ्ठल आडवा आला, तवा दोनी खांदे टेकले. एक श्वासभर. मातीचा गारवा खांद्याला कळतोय.”

“मग त्याच वक्ती का न्हाई बोललास?”

“मी पंचांच्या पाया पडलो की. आनी काय बोलायचं? वाद मी घातला न्हाई. बघणाऱ्यांनी घातला.” मग बैलाच्या पाठीवर हात ठेवून, जरा चेष्टेने, “ट्रकावर तुमची जागा बरी, अक्का. पण बाजू एकच दिसती.”

देवकींची चूक डोळ्यांची नव्हती. त्यांनी आधी पाहिले होते, नंतर पाहिले होते आणि मधले गृहीत धरले होते. स्वतः पाहिलेलेच लिहायचे हा त्यांचा नियम मोडला होता आणि मोडताना तो पाळल्यासारखाच वाटला होता. अन्याय होतो आहे असे ज्याला वाटते त्याच्याकडून ही चूक अधिक सहज होते, कारण त्याला न दिसलेल्या भागातही अन्यायच दिसतो. शिवाय परशूला त्यांनी जो न्याय देऊ केला तो त्याने मागितला नव्हता. त्याला आपला पराभव ठाऊक होता आणि मान्यही होता.

दुसऱ्याच दिवशी त्या बेळगावला गेल्या. वासूच्या वर्गात त्यांनी आपले लेखन पडद्यावर पहिल्यांदा पाहिले. हिरवट अक्षरे, वर स्वतःचे नाव.

“हे पान काढून टाकू,” वासू म्हणाला. “एक बटण, अक्का. छापील पेपर थोडाच हाय, घरोघरी जाऊन पडायला. दोन महिन्यांनी कुणाला आठवतंय?”

“वाचलंय त्यांचं कसं काढणार?”

“त्यांना कळणारच न्हाई.”

“म्हणूनच.”

“सगळे हसतील. भिकाजी तर गावभर सांगत सुटंल. आन् तू मैदानबी सोडणार! कशाला?” वासूचा आवाज चढला. “परशू काय कुणाला सांगणार हाय? गप बसलीस तर काय बिघडतंय?”

“तो खळ्यावर उभा राहून मला सांगतोय, मी हरलो म्हणून. आन् मी खुर्चीत बसून गप राहू?”

वासूने कळफलक त्यांच्याकडे सरकवला. त्यांना टंकता येत नव्हते. त्या सांगत गेल्या, तो टंकत गेला. जुना मजकूर त्यांनी एक अक्षर न बदलता ठेवायला लावला आणि त्याच्या वरती, आधी वाचला जाईल असा, हा मजकूर घातला:

‘खालील बातमी चुकीची आहे. परशूची पाठ जमिनीला लागली होती. हे परशूने स्वतः मला सांगितले. निर्णायक क्षणी विठ्ठल मध्ये आल्याने मला काही दिसले नव्हते. ते न सांगता मी निकाल लिहिला. पंच भिकाजी यांचा निर्णय बरोबर होता. — देवकी गुंजीकर.’

“तुला जवळ उभं राहू देत न्हाईत, हे तरी घाल,” वासू म्हणाला.

“ते खरं हाय. पण ह्या कागदात ते घातलं की सबब हुतीया.”

वासूने सांगितले तसेच झाले. लोक हसले. मस्कतच्या त्याच गृहस्थाने लिहिले की बाई दबावाला बळी पडली. रामनगरच्या चहाच्या हॉटेलात ‘पाठ दिसली का?’ हा विनोद महिनाभर चालला. देवकींनी उत्तर दिले नाही. फुगड्या, कबड्डी, शाळांचे खो-खो यांच्या बातम्या पूर्वीसारख्याच लिहीत राहिल्या.

१९९९ च्या डिसेंबरात मैदान भरले. हलगीचा आवाज दुकानापर्यंत येत होता. ट्रक ओळखीचे होते, ड्रायव्हरांनी बोलावलेही. देवकी जागच्या हलल्या नाहीत. मात्र मैदानातून परतणारे पैलवान याच रस्त्याने जात. नुसत्या नारळाच्या बक्षिसावर लढलेल्या पोरांपासून शेवटच्या जोडीपर्यंत प्रत्येक हरलेल्याला त्यांनी थांबवले, पाणी दिले आणि विचारले, “कसा पडलास?” पोरे आधी लाजली, मग डाव हातांनी करून दाखवू लागली. जिंकलेला मोठेपणा सांगेल, बघणारा बाजू घेईल. स्वतःच्या पडण्याविषयी खोटे बोलून हरलेल्याला मिळवायचे काय? त्या वर्षीची बातमी वासूच्या पानावर आली ती अशी हरलेल्यांच्या तोंडून, आणि ‘मी हे पाहिलेले नाही’ या पहिल्या वाक्यासह.

आठवड्याने भिकाजी दुकानात आले. हातात त्या बातमीचा कागद होता. बेळगावात शिकणाऱ्या पुतण्याने छापून आणला होता. या वेळी ते बाकावर बसले.

“सगळ्या कुस्त्या बरोबर हायत,” ते म्हणाले. “तिसरीतला घिस्सा डाव तर मलाबी नीट दिसला नव्हता. कुणाला इचारलंस?”

“हरलेल्यांना.”

भिकाजींनी कागदाची घडी घातली, उलगडली. “पुढच्या वर्षी कुणाला इचारायचं न्हाई. येऊन बघ.”

“ट्रकावरनं?”

“आखाड्याच्या दोरीपासनं. मी असतोय तिथं.”

पुंडलिकांनी हातातले काम थांबवले.  देवकींनी विचारले, “कुठल्या बाजूला उभी राहू, मामा?”

“एका बाजूला उभी राहून काय उपेग न्हाई,” भिकाजी म्हणाले. “पैलवान फिरतील तशी फिर.”