पूर्णविराम सरांचे चार कोपरे

शाळेत त्यांना सगळे पूर्णविराम सर म्हणत. पोरांनी ठेवलेलं नाव, पण शिपायापासून मुख्याध्यापिकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसलेलं. वाक्याच्या शेवटी टिंब नसलं की सर त्या पोराकडे असं बघत, जणू त्यानं घराचं दार सताड उघडं टाकलंय. हे नाव सरांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. कबूल त्यांनी कधी केलं नाही, ती गोष्ट वेगळी.

इंग्रजी व्याकरणात वाक्यांचे प्रकार चार: विधानार्थी, प्रश्नार्थी, आज्ञार्थी आणि उद्गारार्थी. बाकीचे शिक्षक हा धडा एका तासात उरकत, व्याख्या पाठ करून घेत आणि मोकळे होत. सरांनी मात्र वर्गाचे चार कोपरे चार प्रकारांना वाटून दिले होते. दारापाशी विधान, खिडकीपाशी प्रश्न, कपाटापाशी आज्ञा आणि कचऱ्याच्या डब्यापाशी उद्गार. सरांनी वाक्य वाचलं, की पोरांनी धावत योग्य कोपरा गाठायचा. चुकलेलं पोर भलत्याच कोपऱ्यात एकटं उभं राहून ओशाळं हसायचं आणि तो प्रकार पुन्हा म्हणून विसरायचं नाही. तपासणीला आलेल्या साहेबांनी पाठ थोपटली, दुसऱ्या शाळांतले शिक्षक बघायला येऊन गेले. हे आमच्या सरांच्या डोक्यातून निघालं, असं मुख्याध्यापिका येईल त्याला सांगत.

खरी गोष्ट अशी, की ते सरांच्या भीतीतून निघालं होतं. सरांना ऐकू येईनासं झालं होतं.

आधी गेले ते बारीक आवाज. मोठ्या माणसांचं बोलणं येई, ओठ दिसत असले तर उरलेलं तिथून कळे. पण आठ-नऊ वर्षांचं लेकरू उभं राहून उत्तर द्यायला लागलं, की सरांना दिसायचं ते नुसतं हलणारं तोंड. बरोबर की चूक, देव जाणे. कोपऱ्यांचं तसं नव्हतं. पोर कुठे उभं आहे हे बघायला कान लागत नाहीत. आणि जिथे कोपरे चालत नसत तिथे सर मान डोलवत ‘व्हेरी गुड’ म्हणत. त्यामुळे अलीकडे त्यांच्या वर्गात सगळीच मुलं हुशार झाली होती.

घरात लपवणं अवघड होतं. बायकोनं एकदा मुद्दाम त्यांच्या पाठीमागे उभं राहून त्यांच्या सगळ्या घराण्याचा उद्धार केला. सर शांतपणे चहा पीत राहिले. मग ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, की उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जायचं आणि कानाला यंत्र लावून घ्यायचं. सरांनी हो म्हटलं, आणि तो उद्या काही उगवला नाही. कारण सांगितलं तर माणूस हसेल, पण सरांना त्याची खरीच धास्ती होती. त्यांच्या शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांची नजर अधू झाली, तेव्हा त्यांना मोठ्या सन्मानानं सामानाच्या खोलीत बसवलं होतं. तिथे ते खडूंची खोकी रचत. वर्ग सुटला की दारात येऊन उभे राहत आणि जाणाऱ्या पोरांकडे बघून हसत, आणि पोरं त्यांना ओळखतसुद्धा नसत. सरांना पैशाची, मानाची फिकीर नव्हती. वर्ग जाता कामा नये, एवढंच त्यांचं देवापाशी मागणं होतं.

सरांच्या वर्गाचा एक नियम होता. जे मागायचं ते इंग्रजीत, पूर्ण वाक्यात मागायचं, आणि सरांचं उत्तर येईपर्यंत जागा सोडायची नाही. जुनी मुलं चलाख होती. सर कधीकधी तंद्रीत असतात, असा त्यांनी आपल्यापुरता अर्थ लावला होता. ती सरळ सरांच्या पुढ्यात येऊन हात नाचवत आणि वाक्य म्हणून पळत. पण त्या वर्षी एक नवी मुलगी आली होती. अंगानं एवढीशी, म्हणून वर्गानं तिला चिमणी करून टाकलं. ती सांगितलेलं जसंच्या तसं करणारी. बाकावरून उठू नका म्हटलं, की उठायची नाही.

त्या दिवशी सर फळ्याकडे तोंड करून आज्ञार्थी वाक्यं लिहीत होते. दरवर्षीप्रमाणे शेवटचं वाक्य हत्तीचं होतं: दार उघड आणि हत्तीला आत घे. या वाक्याला वर्ग हसायचाच. सरांनी ते सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं, टिंब दिलं आणि ते वळले. वर्ग पोट धरून हसत होता. सरही हसले. नेहमीपेक्षा जरा जास्तच हसले, कारण हत्ती यंदाही लागू पडला होता. तिसऱ्या बाकावर चिमणी तेवढी हसत नव्हती. ती त्यांच्याकडेच बघत होती. सरांना वाटलं, हिला अर्थ कळला नसावा, आणि त्यांनी तिच्याकडे बघून पुन्हा एकदा हसून मान हलवली.

खरा प्रकार त्यांना कळला तो मधल्या सुटीत. झाडलोट करणाऱ्या मावशी बादली घेऊन वर्गातून बाहेर पडल्या आणि त्यांनी सरांना अडवलं. सरांशी कसं बोलायचं हे त्यांना बरोबर माहीत होतं. समोर उभं राहून, हळूहळू त्यांनी सांगितलं. चिमणीनं बाहेर जाऊ का म्हणून विचारलं होतं. इंग्रजीत, पूर्ण वाक्यात, तीनदा. पोरांनीच मावशींना तसं सांगितलं. उत्तर आलं नाही म्हणून ती बसून राहिली, आणि शेवटी बाकावरच व्हायचं ते झालं.

सर खुर्चीत बसले ते घंटा झाली तरी उठले नाहीत. घंटाही त्यांना ऐकू आली नव्हती, म्हणा. ते आपलं हसू आठवत होते.

दुसऱ्या दिवशी चिमणी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. सरांनी घरी बायकोला सगळं सांगितलं. एरवी तिनं त्यांना फाडून खाल्लं असतं, पण ती नुसती एवढंच म्हणाली, की आधी त्या लेकराकडे जाऊन या. शाळा सुटल्यावर सर निघाले. मनात त्यांनी सगळं जुळवून ठेवलं होतं. पोरीची माफी मागायची, कानाला यंत्र लावायचं, आणि नियम बदलून वर्ग पुन्हा सुरळीत चालवायचा.

चिमणीची आई घरीच शिवणकाम करायची. एका खोलीचं घर, दाराशी शिवणयंत्र आणि खाली न शिवलेल्या गणवेशांचा ढीग. सरांना बघून तिनं घाईघाईनं यंत्र थांबवलं आणि खुर्ची पुसून दिली. ती चिडेल, बोलेल, अशी सरांची तयारी होती. ती चिडलीच नाही.

“सर, तुम्हीच समजावा तिला,” ती म्हणाली. “तीन दिवस एकच वाक्य घोकतेय. म्हणते, माझंच काहीतरी चुकलं असणार, म्हणून सरांनी उत्तर दिलं नाही. म्हणूनच सर हसले.”

सरांना वाटलं, हिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही.

चिमणी आतल्या पडद्याआडून डोकावत होती. सर खुर्चीवरून उठून जमिनीवर बसले, तसं तिचं तोंड त्यांच्या समोर आलं.

“बाळा, तुझं वाक्य अगदी बरोबर होतं,” सर म्हणाले. “मला ऐकूच आलं नाही. मला कमी ऐकू येतं, आणि ते मी सगळ्यांपासून लपवलं. मी हसलो ते तुला नाही हसलो, पण तुला तसंच वाटणार. चूक सगळी माझी आहे.”

‘मला कमी ऐकू येतं’ हे वाक्य इतक्या वर्षांत त्यांनी घराबाहेर कुणापुढेच उच्चारलं नव्हतं. चिमणी पडद्याचा काठ बोटाला गुंडाळत उभी राहिली. मग काहीतरी बोलली. सवयीनं सरांची मान डोलायला लागली होती. ती त्यांनी थांबवली.

“मला नाही ऐकू आलं. परत सांगतेस?”

ती दोन पावलं पुढे आली आणि त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाली, “उद्या वर्गात तुम्ही असणार?”

असणार, असंच सांगायला ते आले होते. पण तिचा चेहरा आता वीतभर अंतरावर होता. तो चेहरा उत्तराची वाट बघत होता आणि त्या उत्तराला घाबरतही होता. इतकी वर्षं मुलांची तोंडं वाचून काढलेल्या माणसाला हे वाचायला वेळ लागला नाही.

“नाही,” सर म्हणाले. “उद्यापासून दुसऱ्या बाई येतील.”

चिमणीनं सुटकेचा निःश्वास सोडला.

“मग मी येईन,” ती म्हणाली.

आईनं दटावून तिचा दंड धरला, सरांशी असं बोलतात का म्हणून. सरांनी हातानंच तिला थांबवलं आणि ते म्हणाले, “राहू द्या ताई, खरं तेच बोलली ती.” मग भिंतीचा आधार घेऊन ते उठले, उंबऱ्याबाहेर काढलेल्या चपला पायांत सरकवल्या आणि जिना उतरून पुन्हा शाळेच्या दिशेनं चालू लागले. मुख्याध्यापिका घरी जायच्या आत त्यांना गाठायचं होतं.