रिकाम्या खाटेवरचा होकार

असल्या गूढ अनुभवांच्या गोष्टी इथं मी वाचते चवीनं, पण खरी एकही वाटली नव्हती. आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली प्रतिक्रियांत कुणी 'ताई, तुम्ही मुळातच भाविक' असं लिहायला नको. मी गोव्यात, डिचोलीत प्राथमिक शाळेत शिकवते. गृहपाठ राहिला की मुलं पोट धरून जी नाटकं करतात ती रोज बघते, त्यामुळे कुणी काही सांगितलं की माझ्या कपाळावर आधी आठी पडते.

माझे बाबा पेडण्यातल्या हळर्णचे. गावात देवळापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. म्हणजे नारळ ठेवून, हात जोडून सगळ्या गावाच्या वतीनं देवाशी बोलायचं, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार द्यायचा. बाबांच्या आवाजाला माइक कधी लागला नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला आणि वाचाही. आई आधीच गेलेली, म्हणून त्यांना मी आमच्याकडे डिचोलीत आणलं. औषधं झाली, स्पीच थेरपी झाली... एक शब्द नाही. डोळ्यांत मात्र सगळं कळत असायचं, आणि तेच जास्त सोसवत नसे.

अशा वेळी माणूस कुठंही जातो. शाळेतल्या एका मैत्रिणीनं रविवारच्या प्रार्थनेला नेलं — आमच्याकडे या येशूच्या भक्तमंडळींना 'बिलिव्हर्स' म्हणतात. एका दुकानाच्या माडीवर वीस-पंचवीस माणसं, प्लास्टिकच्या खुर्च्या, कीबोर्ड आणि भला मोठा स्पीकर. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला फार बरं वाटलं. बाबांचं नाव घेऊन परकी माणसं रडली. मी तापानं पडले तेव्हा पेजेचा डबा घरी आला. माझ्या सख्ख्या नात्यातलं कुणी फिरकलं नव्हतं.

पण पुढं पुढं सगळं साक्षीवर येऊन ठेपलं. साक्ष म्हणजे दर रविवारी कुणीतरी उभं राहून प्रभूनं काय चमत्कार केला ते सांगायचं. कुणाची पाठ बरी झाली, कुणाला नोकरी लागली. मी दीड वर्ष बसून ऐकत होते आणि घरी बाबा तसेच. मग ब्रदर — प्रार्थना चालवणारे मडगावचे एक गृहस्थ — मलाच म्हणायला लागले, "सिस्टर, तुमच्या मनांत दुबाव आसा." शंका असणारच ना हो! दुसरं काय असणार? अन्य भाषेत, म्हणजे आत्मा संचारला की तोंडून निघतात त्या अनोळखी शब्दांत, प्रार्थना करता यावी म्हणून त्यांनी मला 'हालेलुया भरभर म्हणत राहा, जीभ आपोआप सुटेल' असंही शिकवलं. पहिलीच्या मुलांना बाराखडी शिकवणारी बाई मी. जीभ कशी सोडवतात ते मला माहीत आहे.

कडेलोट झाला तो माझ्याच चुकीनं. ब्रदर डोळे मिटून लांबलचक प्रार्थना करत होते — आजाऱ्यांना बरं कर, घराघरांत शांती दे... चाल अगदी गाऱ्हाण्याची. आणि सगळे 'आमेन' म्हणाले तेव्हा माझ्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं, 'व्हय म्हाराजा'! लहानपणापासूनची सवय, दुसरं काही नाही. पोरं खुदकन हसली. ब्रदर हसले नाहीत. सगळ्यांदेखत म्हणाले, "तुमच्या घरांत पोरन्या देवांचें बंधन आसा. ताकाच लागून तुमच्या बापायची जीभ बांदिल्ली आसा."

घरातल्या जुन्या देवांमुळे बाबांची जीभ बांधली गेली म्हणे. माझे बाबा! ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांसाठीच मागितलं, स्वतःसाठी एकदाही नाही! मी चप्पल घालून सरळ खाली उतरले.

नंतर हरमलला एका परदेशी बाईंच्या मौनवर्गालाही जाऊन आले. तिथं मौनाबद्दल त्या दोन तास बोलल्या. फोंड्याच्या आत्यानं पोथीचं पारायण सांगितलं, आणि वर "तरी मी सांगत होते, तिकडे जाऊ नको". मला येशूचा राग नाही, देवळातल्या देवाचाही नाही. ज्याच्यापुढे खरं बोलता येईल अशी एक जागा मला हवी होती, आणि जिथं जावं तिथं कुणीतरी माझ्या तोंडात शब्द घालायला टपलेलं.

आता मूळ गोष्ट. शनिवारची दुपार. माझे यजमान दिलीप बाबांना गाडीतून म्हापशाला फिजिओथेरपीला घेऊन गेले होते. घरात मी एकटी. वीज गेलेली, म्हणजे पंखा, टीव्ही सगळं बंद. शेजारी लग्नाला गेलेले. बाबांच्या खाटेवरची चादर बदलता बदलता माझा असा संताप झाला, की हातातली चादर तशीच धरून मी मोठ्यानं बोलायला लागले. बाबांच्या चालीत. आमच्याकडे बायका गाऱ्हाणं घालत नाहीत. मी घातलं.

"बा म्हाराजा, तू कोण आसस ता माका खबर नाय. मी आता दमलंय. बाबांचा बोलणा तुका दिवचा नसात तर नको दिव. पण तुज्याफुडे माका खोटा बोलाक लावू नको रे म्हाराजा..."

चालीप्रमाणे तिथं थांबले. होकाराची जागा ती.

आणि खाटेवरून आवाज आला — "व्हय म्हाराजा."

बाबांचा आवाज. शेवटी जरा खाली उतरणारा, घशात किंचित खर असलेला. माझ्यापासून हातभर अंतरावर, रिकाम्या खाटेवरून. मी घाबरले नाही, आधी चिडलेच. खाटेखाली पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं, मागल्या दारी गेले. मांजरसुद्धा नव्हतं. मग मात्र मी जमिनीवरच बसले.

थोड्या वेळानं गाडी आली. दिलीप बाबांना (ते त्यांना मामा म्हणतात) उतरवायचंही विसरून धावत आत आले. "अगो, मामा उलयले! अस्नोड्याच्या पुलार!"

"काय बोलले?"

"डोळे मिटून बशिल्ले. एकदम म्हणाले, व्हय म्हाराजा. हांवें ब्रेकूच मारलो!"

मी तोपर्यंत त्यांना काहीच सांगितलेलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, वाचा गेलेल्या माणसाच्या तोंडून सवयीचा एखादा शब्द अचानक निघतो कधी कधी. मान्य. मी दमलेली होते, मला भास झाला असेल. तेही मान्य. पण दोन्ही एकाच दुपारी? यावर त्यांनी माझं बीपी मोजलं.

बातमी फुटली आणि वैताग नव्यानं सुरू झाला. हळर्णहून चुलतभावाचा फोन — गावच्या राखणदार देवानं हाक ऐकली, नारळ दे. आत्याच्या मते तिचं पारायण फळलं. आणि ब्रदर तर घरीच आले, आनंदानं डोळे भरलेले. रविवारी साक्ष द्यायची म्हणे. "फकत म्हाराजा म्हणूं नाकात. प्रभू म्हणलें अशें सांगात."

मी म्हटलं, "ब्रदर, बाबांना तीन वर्षांत दोनच शब्द मिळाले. त्यातला एक तुम्ही बदलताय?" ते चहा न घेता गेले. मी साक्ष दिली नाही, नारळही दिला नाही.

त्यानंतर बाबा पुन्हा बोलले नाहीत. एका संध्याकाळी मी त्यांनाच विचारलं, "बाबा, ता तुमीच बोललास काय? कोणाक बोललास?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीही त्या सगळ्यांतलीच एक. मग डाव्या हातानं तो प्रश्न माशीसारखा उडवून लावला आणि खाटेवर शेजारची जागा थोपटली. मी बसले. काही विचारलं नाही, काही मागितलं नाही. दिवेलागणीपर्यंत आम्ही दोघं तसेच बसलो होतो.

आता रोज बसतो. स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही, आणि कृपा करून तुम्ही पाठवू नका.