गणपत पाटलाची साक्ष

सकाळी पेपर वाचताना मला कुणी बोललेलं खपत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी सूनबाई फोन हातात घेऊन समोर उभी राहिली, तेव्हा काहीतरी बिनसलं आहे हे मी ओळखलं. फोनवर गणपतचा मुलगा अशोक होता. "काका, तात्या गेले. पहाटं चहा मागितला, आमी करून आनला तवर..." नव्वदीच्या घरातला माणूस, अंथरुणाला न खिळता गेला, सोनं झालं म्हणायचं. लोक तसंच म्हणाले. मला मात्र राग आला. महिन्याभरापूर्वीच तो श्रीरामपूरला माझ्याकडे येऊन बसला होता, नेहमीप्रमाणे बशीत चहा ओतून पीत होता आणि माझ्या सुनेसमोर, नातवंडांसमोर मला म्हणाला होता, "वकील, जलमात तू एकच केस धड जिंकलास, आन् ती बी मी जिंकून दिल्याली." या वाक्याला मी पन्नास वर्षांत एकदाही नीट उत्तर देऊ शकलो नाही. आता द्यायचं तरी कुणाला?

गणपत आणि मी एकाच गावचे, एकाच शाळेतले. श्रीरामपूरहून सायकलवर जाता यावं इतक्या अंतरावर आमचं गाव. मी शिकून वकील झालो, तालुक्याला बिऱ्हाड केलं. गणपत गावातच राहिला, जमीन कसू लागला आणि पुढे गावचा पोलीस पाटील झाला. वतनदारी गेली होती. आता पोलीस पाटील म्हणजे सरकारनं नेमलेला माणूस. मानधन नावापुरतं, पण गावात काही झालं की पहिली वर्दी त्याच्याकडे. आठवड्याला एकदा ठाण्यात जायचं आणि गावात कोण नवखा आला, कुठं भांडण झालं, कुणाचं जनावर हरवलं, हे सांगायचं. हे काम तो इतक्या मनापासून करायचा की मला हसू यायचं. नंदीबैलवाला आला, सांगितलं. मेंढरांचा तांडा उतरला, सांगितलं. देवळात कुणी गोसावी मुक्कामाला राहिला तर त्याचं गाव, गुरू सगळं विचारून घ्यायचा, वर भाकरीही घालायचा.

आमच्या गावात एकच पिंजाऱ्याचं घर होतं, बाबूभाईंचं. कापूस पिंजून गाद्या भरायचे. बाबूभाई लवकर गेले, तेव्हा त्यांची मुलगी शरीफा परकरातली पोर होती आणि तिचा भाऊ हनीफ तिच्याहून थोडा मोठा. गणपतचं आणि त्यांचं घर भिंतीला भिंत लागून. त्यामुळे ती पोर अर्धी त्याच्याच घरात वाढली. गणपतची बायको, आमची सरूवहिनी, तिची वेणी घालायची. शरीफाचं लग्न ठरलं ते तिच्या मामाच्या मुलाशी. मामा फाळणीच्या वेळी कराचीला गेलेला. त्या लग्नात गावजेवणाच्या चुलीपाशी गणपत स्वतः उभा होता, हे मला चांगलं आठवतं, कारण भात करपला म्हणून तो आचाऱ्यावर उगाच ओरडत होता. आचारी नंतर मला म्हणाला, भात करपला नव्हता, पाटलांना रडू येत होतं.

लग्नानंतर शरीफाला तिकडचा पासपोर्ट मिळाला. मग पासष्टची लढाई झाली, येणं-जाणं जवळजवळ थांबलं. बरीच वर्षं तिला मूलबाळ नव्हतं. एकाहत्तर साली दिवस गेले, तेव्हा तिनं हट्ट धरला की पहिलं बाळंतपण माहेरीच होणार. कसाबसा व्हिसा मिळवून, वाघा सरहद्दीवरून, पुढं रेल्वेनं ती सातव्या महिन्यात आमच्या गावात येऊन पोचली. परदेशी माणूस आला की पोलिसांकडे जाऊन नोंद करावी लागते, एवढं हनीफला ऐकून माहीत होतं. तो संध्याकाळी गणपतच्या ओट्यावर गेला आणि म्हणाला, "तात्या, शरीफा आलीया. वर्दी द्यायला आलोय."

इथे गणपत चुकला. गावातलं मांजर हललं तरी ठाण्यात सांगणारा हा माणूस हसून म्हणाला, "लेक माह्यारी आली, तिची रं कसली वर्दी? ती काय परकी हाय व्हय?" सरूवहिनींनी डिंकाचे लाडू वळायला घेतले. त्या आठवड्यात गणपत ठाण्यात गेला, गावात उतरलेल्या दोन वैदूंची नावं सांगून आला, आणि शरीफाचं नाव घ्यावं हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. माहेरी आलेली लेक ही नवखी असते, हे आमच्याकडे कुणाच्या बापाच्या डोक्यात येणार?

मुलगा झाला. बाळ घेऊन परत जायची तयारी चालली होती, तेवढ्यात डिसेंबरची लढाई पेटली आणि सरहद्द बंद. व्हिसा संपला. नवरा तिकडे, ही इकडे, पत्रही पोचेना. पुढच्या वर्षी दुष्काळ पडला, गावची माणसं खडी फोडायला जाऊ लागली, शरीफाही मुलाला पाटीत घालून हनीफच्या बायकोबरोबर कामावर जायची. कुणाला काही वावगं वाटलं नाही... आणि मग एका दुपारी जीप आली.

वरून चौकशी सुरू झाली होती, मुदत संपून राहिलेले पाकिस्तानी कोण कोण आहेत याची. ठाण्याला नवीन साहेब आलेले, तरुण, दूरच्या जिल्ह्यातले. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. शरीफाला जीपमध्ये बसवा, आज नगरला, तिथून थेट सरहद्दीवर, असं त्याचं चाललेलं. हे मला नंतर दहा जणांनी दहा तऱ्हांनी सांगितलं, पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. गणपत जीपच्या पुढे जाऊन उभा राहिला आणि त्यानं आधी टोपी नीट केली.

"सायेब, लेखी हुकूम हाय का?"

"वरून फोन आलाय, पाटील. तुम्ही सरकारचे माणूस आहात ना? बाजूला व्हा."

"सरकारचा हाय म्हनूनच इचारतो. फोनवर अंगावरचं लेकरू असल्याली बाई न्हेता येत न्हाई. कोर्टाम्होरं उभी करायची असंल तर उद्या सकाळी मी सोत्ता तिला घिऊन येतो. न्हाई आलो तर मला आत टाका."

साहेबानं तसं एका कागदावर लिहून काढलं. मग त्यानं गणपतची सही घेतली आणि जीप वळवली. त्या माणसाचं मला आजही कौतुक वाटतं; कायद्याची आठवण करून दिल्यावर ज्याला तो आठवतो, असे अधिकारी मी पुढच्या आयुष्यात फार पाहिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी कोर्ट उघडायच्या आत गणपत माझ्या दारात. मागे शरीफा, कडेवर पोर, हनीफ, सरूवहिनी. जामीन झाला. खटला उभा राहिला. मुदतीनंतर राहिली, हा एक आरोप. पण लढाईनं रस्ताच बंद झाला होता, त्यामुळे त्याला माझ्याकडे उत्तर होतं. दुसरा आरोप जड होता. आल्यावर पोलिसांना कळवलं नाही, गावात लपून राहिली. मी गणपतला माझ्या खोलीत बसवून शहाणपणानं समजावलं, की तू साक्षीला येऊ नकोस. हनीफनं तुला सांगितलं हे तू कबूल केलंस, की तुझं पद जाईल, कदाचित तुझ्यावरच बालंट येईल. मी दया मागतो, थोडा दंड होईल, सुटेल ती.

त्यानं विचारलं, "दंड झाला म्हंजी गुन्हा केला असं लागंल ना तिच्या नावाला?"

"लागेल."

"मंग तिला पुन्ना हिकडं येऊ देतील?"

मी खोटं बोललो नाही. म्हणालो, कठीण आहे, बहुधा कधीच नाही. त्यावर तो एवढंच म्हणाला, "मंग तिचं माह्यार तुटलं की रं," आणि उठून गेला. मी समजलो, पटलं याला.

साक्षीच्या दिवशी पाहतो तर हा धुतलेलं धोतर नेसून कोर्टाच्या व्हरांड्यात उभा. मला डोळ्यानं सुद्धा विचारलं नाही. हनीफनं साक्षीत सांगितलंच होतं की मी पाटलांना कळवलं, तेव्हा गणपतला बोलवावंच लागलं. मी थोडक्यात विचारलं, त्यानं थोडक्यात सांगितलं. मग सरकारी वकील उभे राहिले. अनुभवी गृहस्थ, शिकार हातात आल्यावर आवाज खाली आणायचे.

"तुम्ही ही गोष्ट ठाण्यात कळवलीत?"

"न्हाई."

"का नाही?"

"चुकलं माझं. लेक माह्यारी आली म्हनून मी वर्दी धरली न्हाई."

"म्हणजे आरोपी गावात आहे हे सरकारला कळलंच नाही. बरोबर?"

मी मनात म्हटलं, आता हो म्हणतो आणि सगळं घालवतो. तो मॅजिस्ट्रेटसाहेबांकडे वळून म्हणाला, "सायेब, मला पाटील सरकारनं केलं. लोकांनी वर्दी माझ्याकडं द्यायची, आसं सरकारनंच दवंडी दिऊन सांगितलं. त्या दिशी गावात सरकार म्हनून मीच हुतो. तिच्या भावानं मला सांगितलं, म्हंजी सरकारला सांगितलं. म्होरं सरकार चुकलं. त्यात हिचा काय गुन्हा? शिक्षा द्यायची तर मला द्या."

मॅजिस्ट्रेटसाहेब लिहायचे थांबले होते. त्यांनी त्याला विचारलं, याचा परिणाम तुमच्या पदावर काय होईल हे समजतं ना? "समजतंय जी," तो म्हणाला. मी वकिलीची पुस्तकं पालथी घालून जे शोधत बसलो होतो, ते या बाबानं उभ्या उभ्या सांगून टाकलं होतं. मला आनंद व्हायच्या ऐवजी थोडा मत्सरच वाटला, आता सांगायला हरकत नाही.

शरीफा निर्दोष सुटली. रस्ता उघडेपर्यंत राहू द्यावं म्हणून रीतसर अर्ज केला, तो नगरला मंजूर झाला. महिन्याला ठाण्यात हजेरी द्यायची अट होती. गणपत प्रत्येक वेळी तिच्याबरोबर एस.टी.नं यायचा, हजेरी झाली की पोराला भेळ खाऊ घालायचा आणि मग माझं डोकं खायला येऊन बसायचा. तोवर त्याचं पाटीलपण गेलेलं होतं. प्रांतसाहेबांचा हुकूम आला तेव्हा मी संतापलो, अपील करू म्हणून कागद घेऊन बसलो. तो हसायला लागला. "अपील कशापायी? चुकलो ते खरंच हाय. लोकांचं चुकलं तर लोकांना धरत्यात, मंग सरकारचं चुकलं तर त्याला नको व्हय धरायला? बराबर केलं त्यांनी." मी कागद बाजूला ठेवला, पण माझा राग काही लवकर गेला नाही. गावानं मात्र त्याला पाटील म्हणायचं सोडलं नाही. नवा पाटील नेमला गेला, त्यालासुद्धा काही अडलं की तो गणपतकडेच यायचा.

पुढं दोन्ही सरकारांचं जमलं, रस्ता उघडला. श्रीरामपूर स्टेशनवर आम्ही तिला पोचवायला गेलो. सरूवहिनींनी फलाटावरच तिची ओटी भरली. पोरगं एव्हाना अस्सल आमच्याकडचं मराठी बोलत होतं आणि गाडी उशिरा आली म्हणून "कवा येनार ही?" असं सगळ्यांना विचारत होतं. गणपत त्याला उत्तर देत होता आणि दुसरीकडे बघत होता. त्यानंतर ती दोनदा येऊन गेली, व्हिसा घेऊन, ताठ मानेनं. एकदा हनीफच्या मुलीच्या लग्नाला, एकदा सरूवहिनी गेल्यावर. नंतरच्या वर्षांत येणं जमलं नाही. वयही झालं, आणि दोन देशांचं तर आपण पाहतोच आहोत. हनीफही गेला. फोन मात्र यायचा. गणपतला ऐकू कमी येऊ लागलं तेव्हा तो फोनवर ओरडून बोलायचा, आणि अशोक म्हणायचा, तात्या, कराचीला फोनशिवाय ऐकू जाईल.

मागच्या आठवड्यात मी गावी गेलो. गणपतच्या खोलीत त्याची खाट तशीच होती, वर कुणीतरी वाळवणाचे पापड पसरले होते. मला ते बरं वाटलं. अशोकनं चहा दिला आणि म्हणाला, काका, शरीफाआत्यानं सांगितलंय, वकीलकाका आले की फोन लावून दे. त्यानं लावला. आवाज म्हातारा झाला होता, भाषा तीच होती, आमच्या वेशीच्या आतली.

"वकीलकाका, तात्या गेल्याचं कळलं, तवापासनं तीन दिस मी चूल पेटवली न्हाई. शेजारनी जेवन आनून देत हुत्या. पोरं इचारत हुती, कोन गेलं, कोन गेलं..." मग तिनं हळूच विचारलं. "हितं मला सांगायला कुनी न्हाई म्हनून इचारते. लगीन झाल्याल्या लेकीला बापाचं सुतक तीनच दिस आसतंय न्हवं?"

अशोक माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "तीनच असतं, शरीफा. बरोबर केलंस."