लोकांचे शब्द शोधणाऱ्या अक्का

"साहेब, लोक 'गर्भपात' लिहीत नाहीत हो. लोक लिहितात, 'शेळीनं पिलू टाकलं'," असं म्हणत अक्का चष्मा कपाळावर चढवायच्या आणि मोबाइल डोळ्यांच्या अगदी जवळ न्यायच्या.

धुळ्याच्या आमच्या पशुवैद्यकीय कार्यालयात त्या कंत्राटी ऑपरेटर होत्या. गावोगावच्या दवाखान्यांतून आलेले आकडे संगणकात भरायचे, एवढंच त्यांचं काम. मूळच्या साक्रीकडच्या. फोनवर अहिराणी, आमच्याशी मात्र शाळेतल्या बाईंसारखी मराठी. तुमच्याही कचेरीत असं एखादं माणूस असेल, ज्याला नेमून दिलेल्या कामापलीकडचं काहीतरी रोज दिसत असतं.

जेवणाच्या सुट्टीत अक्का शेळ्या विकण्याचे व्हॉट्सॲप ग्रुप वाचत, शेळीपालनाच्या व्हिडिओंखालच्या कॉमेंट वाचत. त्यांच्या वहीत लोकांच्या शब्दांची यादी होती. 'पिलू टाकलं', 'गाभडली', 'कच्चं पडलं', आणि हेच सगळं इंग्रजी अक्षरांत, चार तऱ्हांनी चुकवून लिहिलेलं. हे शब्द शोधायचे आणि कुठल्या गावाहून किती जणांनी लिहिलं ते तक्त्यात मांडायचं. "अहवाल यायला महिना लागतो. शेळी आजारी पडली की माणूस त्याच दिवशी मोबाइल काढतो," असं त्यांचं म्हणणं.

आम्ही हसायचो. एकदा मेलेल्या कावळ्यांचा फोटो त्यांनी दाखवला आणि बर्ड फ्लूच्या धसक्यानं मी जीप काढली. गावात एकही कावळा मेलेला नव्हता. फोटो कुठला तरी जुना, फिरत फिरत आलेला. अक्कांनी माझी माफी मागितली, ड्रायव्हरचीही मागितली. दुसऱ्या दिवशी तक्त्यात नवा रकाना आला: 'फोटो कोणी काढला?'

मग एका हिवाळ्याच्या शेवटी शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावाचं नाव त्या तक्त्यात पाचव्यांदा आलं. शेळ्या पिलं टाकत होत्या. आमच्या रजिस्टरला त्या गावापुढे शून्य. अक्कांनी कॉमेंट लिहिणाऱ्या एका शेळीवाल्याला मेसेज केला. त्यानं शेळ्यांचं सांगितलं, आणि सहज म्हणून बायकोचंही. दोन महिने ताप. संध्याकाळी चढतो, घाम येऊन उतरतो, सांधे धरतात. टायफॉइडच्या गोळ्या घेऊन झाल्या. शेवटी त्यानं लिहिलं होतं, 'माझं नाव सांगू नका. शेळ्या कोणी घेणार नाही.'

अक्का माझ्या टेबलाशी आल्या. "साहेब, पडलेली पिलं हीच बाई उचलते. उघड्या हातांनी."

या वेळी मी हसलो नाही. पिलं टाकायला लावणारा शेळीचा ब्रुसेला जंतू माणसाला लागतो आणि असाच ताप देतो, हे मी शिकलो होतो. अक्कांनी ते वाचून काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. रक्ताचे नमुने घेतले. शेळ्यांत रोग निघाला, त्या बाईंच्या रक्तातही निघाला, गावातल्या आणखी काही जणांच्याही. आरोग्य खात्याची माणसं आली, औषधं सुरू झाली. रोगी शेळ्या वेगळ्या काढल्या. आणि व्यापारी त्या गावाकडे फिरकेनासे झाले.

आमच्या पुढच्या फेरीला तो शेळीवाला अंगणात येऊन अक्कांसमोर उभा राहिला. "बाई, मी फक्त तुम्हलेच लिखं व्हतं. तुम्हीच मन्हं नाव सांगी दिन्हं. आते बठ्ठा गाव मन्हा तोंडवर थुकस."

नाव मी सांगितलं होतं. घर सापडावं म्हणून सरपंचाला फोन करताना, अगदी सहज. मी तोंड उघडणार तोच अक्कांनी दोष स्वतःवर घेतला, "मन्ही चूक व्हयनी, भाऊ."

जीपमध्ये मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "तुम्हाला त्या गावात अजून कितीदा तरी जायचंय. लोकांनी दार लावून घेतलं तर रक्त कोणाचं काढाल? माझ्यावर राग राहिला तर काही अडत नाही."

ते मला पटलं. खरं सांगायचं तर, सोयीचं वाटलं म्हणून पटलं.

पुढे तीन रविवार अक्का एसटीनं एकट्याच त्या गावी गेल्या. ताप उतरला की लोक गोळ्या सोडतात, ही त्यांची धास्ती. त्या बाईंच्या गोळ्यांची पाकिटं तपासायच्या आणि परतीच्या एसटीची वाट बघत फाट्यावर थांबायच्या. बाई बऱ्या झाल्या. पुढं अक्कांचं कंत्राट संपलं, ते पुन्हा झालं नाही. त्या जळगावला मेहरूणमध्ये भावाकडे राहायला गेल्या आणि गेल्या थंडीत झोपेतच वारल्या. मला आठवड्यानं कळलं.

या उन्हाळ्यात लसीकरणाला त्या गावी गेलो तेव्हा शेळीवाल्याच्या घरी मुद्दाम थांबलो. अक्का गेल्याचं सांगितलं. मग म्हणालो, "आणि तुमचं नाव त्यांनी नव्हतं सांगितलं. मी सांगितलं होतं."

मला वाटलं, तो चिडेल.

"हाई तव्हयच सांगाले पाहिजे व्हतं ना, साहेब," तो म्हणाला. "त्या बाई तीनदा मन्हा दारवर उन्यात. भर ऊनमा. मी पानी बी इचारं नही."